परदेशी फौज घडवणं म्हणजे नेमकं काय? अफगाणिस्तानातल्या लष्करी सल्लागारांच्या कामाबद्दल

शिलेदार (धागाकर्ता)

६ ऑगस्ट २०२१ ला झरंज ही पहिली प्रांतीय राजधानी तालिबानच्या हाती गेली आणि १५ ऑगस्टला काबूल. तेव्हापासून "वीस वर्षं शिकवलं आणि दहा दिवसांत पळाले" हे अफगाण फौजेबद्दलचं वाक्य सगळीकडे ऐकू येतं. पण शिकवलं म्हणजे काय, कोणी, किती आठवडे, आणि शिकवणारा दिवसभर करायचा तरी काय, याबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून हा धागा. जाणकारांनी दुरुस्त्या जरूर सुचवाव्यात.

आधी दोन कामं वेगळी करू. पहिलं शाळेतलं. मे २००२ मध्ये अमेरिकी स्पेशल फोर्सेसनी काबूलच्या सैनिकी प्रशिक्षण केंद्रात पहिल्या तुकड्या घ्यायला सुरुवात केली. रंगरूटाचा मूळ कोर्स १० आठवड्यांचा होता. भरतीचा दबाव वाढल्यावर २००९ मध्ये तो ८ आठवड्यांवर आणला. त्याच वर्षाच्या शेवटी एका प्रशिक्षकामागे ७९ रंगरूट होते, पुढे ते प्रमाण २९ पर्यंत खाली आलं. रायफल रेंजवर एका माणसाने ७९ जणांकडे बघायचं म्हणजे कोणाची नेमबाजी सुधारत नाही, अपघात होऊ नये एवढीच काळजी घेता येते.

दुसरं काम म्हणजे तुकडीबरोबर राहून शिकवणं. अफगाण सैन्यात बटालियनला कंदक म्हणतात, कंपनीला तोलई. सुमारे ६०० जणांच्या एका कंदकाबरोबर कागदावर १६ जणांचं सल्लागार पथक असायचं. कंदकाच्या कमांडरला एक जोडीदार, रसदीच्या अधिकाऱ्याला एक, आणि तसेच डॉक्टर, सिग्नल, प्रत्येक तोलई असे जोड लावलेले. प्रत्यक्षात पथकं अपुरी असत. मग एकच मेजर कमांडरलाही सल्ला देतो आणि दारूगोळ्याची मोजदादही बघतो.

सल्लागाराला हुकूम देता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवायला हवं. त्याच्या हातात चारच गोष्टी: करून दाखवणं, बरोबर बसून करणं, त्यांना करू देऊन बघत राहणं, आणि बाजूला होणं. पहिल्या तीन पायऱ्या बहुतेकांना जमतात. चौथी अडते, कारण हवाई मदत आणि जखमींसाठी हेलिकॉप्टर मागवायचा रेडिओ सल्लागाराकडेच असतो. तो निघून गेला की तुकडीची ही दोन्ही साधनं जातात, मग ती कितीही उत्तम शिकलेली असो.

आणखी एक दोष मूल्यमापनाचा. पथकं सहा ते बारा महिन्यांनी बदलत. नवीन पथक आल्यावर तुकडीला कमी गुण देतं, जाताना जास्त देतं, आणि पुढचं पथक पुन्हा कमीपासून सुरू करतं. त्यात मोजपट्टीही बदलत गेली. २०११ मध्ये सर्वांत वरच्या श्रेणीचं नाव 'स्वतंत्र' होतं ते 'सल्लागारांसह स्वतंत्र' झालं. हे नाव वाचूनच कळतं की मोजायचं काय ते ठरलेलं नव्हतं.

---

कातळ

उत्तम धागा. रसदीबद्दल लिहितो, कारण माझ्या मते सगळं तिथेच ठरलं.

अफगाण सैन्यात कोणतीही वस्तू मागायची तर 'एमओडी-१४' नावाचा फॉर्म. तोलईला हमवीची (अमेरिकी लष्करी गाडीची) बॅटरी हवी आहे असं धरा. फॉर्म दरी भाषेत (अफगाणिस्तानातली फारसी) भरायचा, कंदकाच्या कमांडरची सही, शिक्का. मग ब्रिगेड, मग कोअर (अनेक ब्रिगेड मिळून), मग काबूलला मंत्रालय. तिथे मंजूर झाला की मध्यवर्ती डेपोला आदेश, आणि माल त्याच वाटेने उलटा खाली. प्रत्येक टप्प्यावर हाताने केलेली सही आणि शिक्का लागतो.

अडतं कुठे?

एक, 'तशकील'. म्हणजे तुकडीला मंजूर असलेल्या माणसांची आणि सामानाची अधिकृत यादी. मागणी तशकीलच्या आकड्याशी जुळली नाही तर फॉर्म परत. तुकडीकडे प्रत्यक्षात गाड्या जास्त असतील तर त्या गाड्यांसाठी सुटे भाग मिळणारच नाहीत.

दोन, डेपोचा भांडारी. सोव्हिएत काळापासूनच्या रिवाजाप्रमाणे साठ्याची जबाबदारी त्याच्या वैयक्तिक नावावर. माल दिला आणि हिशेब चुकला तर तो अडकतो, नाही दिला तर त्याला कोणी विचारत नाही. त्यामुळे टायर काबूलच्या गोदामात आणि गाडी हेलमंदमध्ये ठोकळ्यांवर.

तीन, आणि हे सर्वांत वाईट: खुद्द सल्लागार. मागणी दोन महिने अडकलेली बघून तो आपल्या अमेरिकी साखळीतून बॅटरी आणून देतो. हेतू चांगला असतो, गस्त बंद पडू नये एवढाच. पण त्या दिवसापासून कंदकाचा रसद अधिकारी फॉर्म भरणं सोडतो आणि थेट सल्लागाराकडे येतो. वरच्या टप्प्यांना कळतही नाही की खाली काही कमी आहे, आणि पुढच्या वर्षाची खरेदी त्या खोट्या शांततेवर ठरते.

याला उपाय होते आणि काही ठिकाणी ते चाललेही. प्रत्येक मागणीला क्रमांक द्यायचा. कंदक, ब्रिगेड, कोअर, मंत्रालय आणि डेपो या पाचही ठिकाणी एकाच वेळी सल्लागार बसवायचे, आणि तोच क्रमांक कोणत्या तारखेला कुठे आहे हे रोज एकमेकांना विचारायचं. फॉर्म ज्या टेबलावर थांबला तिथे जाऊन बसायचं. जीव धोक्यात असल्याशिवाय अमेरिकी साखळीतून काही द्यायचं नाही. हे काम कंटाळवाणं आहे, त्याची छायाचित्रं छापून येत नाहीत, आणि सहा महिन्यांच्या नेमणुकीत त्याचं फळ दिसत नाही. म्हणून ते मागे पडलं.

---

पाणवठा

कातळ, माहितीपूर्ण प्रतिसाद. पण दोन महिने बॅटरी नसणं आणि अख्खी फौज मोडणं यात फार अंतर आहे ना? शेवटी सैनिकाकडे बंदूक होती, गोळ्या होत्या.

---

कातळ

गोळ्या किती होत्या, हाच प्रश्न आहे. आकडेमोड करून बघा.

२०२० मध्ये अफगाण फौजांच्या १०,००० हून अधिक चौक्या होत्या, एकेका चौकीत साधारण १० ते २० जण. आपण १५ धरू. एका सैनिकाचा नेहमीचा साठा ३० गोळ्यांची ७ मॅगझिन, म्हणजे २१० गोळ्या. सगळ्या चौकीच्या मिळून ३,१५०. रात्रभर चाललेल्या हल्ल्यात एवढ्या सहज संपतात, आणि नवशिका सैनिक घाबरून ऑटोमॅटिकवर मारत असेल तर तासाभरात.

पाणी: उन्हाळ्यात माणशी दिवसाला ५ लिटर धरलं तर १५ जणांना ७५ लिटर. दहा दिवसांचं ७५० लिटर, म्हणजे पाऊण टन. एक रेंजर पिकअप फक्त पाण्यानेच भरली. पीठ, तांदूळ, जनरेटरचं डिझेल आणि गोळ्या दुसऱ्या फेरीत. रस्त्यात सुरुंग. आता हे दहा हजारांनी गुणा.

सल्लागार वर्षानुवर्षं सांगत होते की चौक्या कमी करा, माणसं मोठ्या तळांवर एकत्र आणा. लष्करी दृष्टीने ते अगदी बरोबर होतं. पण चौकी हटवली की त्या गावचा वडीलधारा काबूलच्या खासदाराला फोन करतो, खासदार मंत्र्याला करतो, आणि चौकी परत उभी राहते. चौक्यांवरून नाक्यावरची वसुलीही होत असे, तोही अडथळा होताच.

२०२१ च्या उन्हाळ्यात तालिबानने रस्ते तोडले आणि चौक्यांना वेढे पडले. पाणी आणि गोळ्या हेलिकॉप्टरनेच पोचवता येत होत्या.

---

गगनवेध

हेलिकॉप्टरचा विषय निघालाच आहे तर.

अफगाण हवाई दलाचा कणा एमआय-१७ होता. रशियन बनावट, उंचीवर आणि धुळीत चालणारं, आणि सोव्हिएत काळापासून अफगाण मेकॅनिकांच्या हातातलं. त्याची बहुतांश दुरुस्ती ते स्वतः करू शकत. पण रशियाशी संबंध बिघडले, सुटे भाग घेणं अमेरिकी काँग्रेसला नको झालं, आणि २०१७ पासून यूएच-६० ब्लॅक हॉक यायला लागली. मूळ योजना १५९ ची. ब्लॅक हॉक कमी वजन उचलतं आणि उंचीवर एमआय-१७ ची बरोबरी करत नाही. त्याची देखभाल जवळजवळ पूर्णपणे परदेशी कंत्राटदारांवर होती.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. वैमानिक तयार व्हायला दीड-दोन वर्षं पुरतात, इंग्रजीचे महिने धरूनसुद्धा. इंजिन उघडून सही करण्याचा अधिकार असलेला मेकॅनिक तयार व्हायला पाच ते सात वर्षं लागतात. मॅन्युअल इंग्रजीत, टॉर्क पाना कॅलिब्रेट केलेला, प्रत्येक भागाच्या तासांची नोंद. वैमानिकांचे वर्ग लवकर सुरू झाले, मेकॅनिकांचे उशिरा आणि अपुरे. मधली पोकळी कंत्राटदारांनी भरली आणि ती पोकळी आहे हे कोणाला दिसेनासं झालं.

२०२१ च्या जानेवारीतच अमेरिकी लष्कराच्या आत हे सांगितलं गेलं होतं की कंत्राटदार गेले तर एकही विमान काही महिन्यांपलीकडे लढण्यायोग्य राहणार नाही. तेव्हा अफगाणिस्तानात सुमारे १७,००० कंत्राटदार होते. एप्रिलमध्ये माघारीची घोषणा झाली. सैनिकांबरोबर तेही निघाले.

आणि जी-२२२ मालवाहू विमानांचं प्रकरण तर फार वाईट वाटायला लावणारं आहे. २० विमानं, कार्यक्रमाचा खर्च ५४.९ कोटी डॉलर. सुटे भाग मिळेनात, उड्डाणं होईनात. शेवटी १६ विमानं काबूलमध्येच तोडून भंगारात विकली, मिळाले ३२,००० डॉलर.

---

मैत्रेयी

भाषेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून भर घालते.

२००९ च्या सुमारास भरतीतल्या जेमतेम १४ टक्के लोकांना वाचता येत होतं. मग साक्षरता वर्ग सुरू झाले. पहिली पातळी ६४ तासांची: अक्षरं, आपलं नाव, आकडे. कामापुरतं वाचता येईल अशा तिसऱ्या पातळीपर्यंत जायला एकूण ३१२ तास. सैनिक मूळ कोर्समध्ये ६४ तास करून तुकडीत जायचा, आणि तिथे वर्ग चालवायला ना वेळ ना शिक्षक.

निरक्षर सैनिक शूर नसतो असं अजिबात नाही. अडचण बारीक जागी येते. रायफलचा क्रमांक नोंदवता येत नाही, त्यामुळे हरवलेली रायफल कोणाची ते कळत नाही. डिझेलची नोंदवही एकालाच लिहिता येते, मग त्याच्यावर नजर ठेवणारा कोणी नाही. औषधाच्या पाकिटावरचं वाचता येत नाही. नकाशाचे सहा आकडे रेडिओवर सांगता येत नाहीत, त्यामुळे तोफखाना मागवता येत नाही. सल्लागारांनी यासाठी काही चांगल्या युक्त्या काढल्या: खुणांचे रंग, वाळूत नकाशा मांडणं, ठिकाणांना आकड्यांऐवजी नावं देणं. त्यावर तोलई चालते, ब्रिगेड चालत नाही.

दुसरा मुद्दा दुभाष्यांचा. त्यांना तिथे तर्जुमान म्हणतात, आपल्या 'तर्जुमा'वरून अर्थ लगेच लागतो. (दफ्तर, हुकूम, फौज: त्यांच्या लष्करी कागदातले बरेच शब्द मराठी वाचकाला न शिकता कळतील.) तर्जुमानाबरोबर काम करायचे साधे नियम आहेत. बैठकीआधी त्याला विषय आणि दहा-बारा अवघड शब्द सांगून ठेवायचे. बोलताना तर्जुमानाकडे न बघता कमांडरकडे बघायचं. दोन वाक्यांनंतर थांबायचं. आकडा आला की कागदावर लिहून दाखवायचा. आणि कमांडरची चूक काढायची असेल तर तर्जुमानाला बाहेर पाठवता येत नाही, म्हणजे ती कधीच एकांतात काढता येत नाही. पश्तुन भागातला पश्तो बोलणारा रंगरूट, दरी बोलणारा अधिकारी आणि फक्त दरी येणारा तर्जुमान असं त्रिकूट जमलं तर सल्लागाराचा शब्द सैनिकापर्यंत पोचेपर्यंत काय उरत असेल, विचार करा.

---

नोंदवही

मैत्रेयीताईंच्या डिझेलच्या नोंदवहीला धरून पगाराबद्दल थोडक्यात.

२००९ मध्ये वर्दक प्रांतात काही पोलिसांना पगार मोबाइलवरून, एम-पैसा पद्धतीने द्यायला सुरुवात केली. त्यांना वाटलं पगारवाढ झाली. प्रत्यक्षात मधले वरिष्ठ जो वाटा कापून घेत तो थांबला होता.

आणि 'भूत सैनिक': यादीत नाव, पगार निघतो, माणूस नाही. २०१९ मध्ये बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या नोंदी असलेली नवी पगार व्यवस्था लागू करताना आकड्यात सुमारे ४२,००० नावं कमी झाली. त्याआधी सल्लागार ज्या संख्याबळावर चढाईच्या योजना आखत होते ते बळ अस्तित्वातच नव्हतं. तपासायची पद्धत सोपी आहे: पगाराची यादी, स्वयंपाकघरातली ताटं आणि शस्त्रागारातल्या रायफली, तिन्ही एकाच सकाळी, न सांगता मोजायच्या. मात्र २०१५ नंतर सल्लागार बहुतेक कोअरच्या पातळीवरच राहिले. खालची ताटं मोजायला कोणी उरलं नाही.

---

हरकारा

वरचं सगळं मान्य, पण एका गोष्टीला माझा ठाम विरोध. 'पळाले' हा शब्द. या फौजांचे ६०,००० हून अधिक लोक लढताना मेले. हेलमंदची राजधानी लष्करगाहमध्ये १३ ऑगस्टपर्यंत लढाई चालू होती. कमांडो तर एका शहरातून दुसऱ्या शहरात विमानाने नेले जात होते, विश्रांती न देता.

अमेरिका आणि तालिबान यांच्यातल्या २९ फेब्रुवारी २०२० च्या दोहा कराराच्या वाटाघाटीत काबूल सरकार नव्हतं. कराराने परदेशी फौजांबरोबर कंत्राटदार आणि सल्लागारांच्या जाण्याचीही तारीख ठरली. हे चौकीतल्या सैनिकाला कळत होतं. पगार थकलेला, पाणी संपत आलेलं, आणि गावचे वडीलधारे तालिबानचा निरोप घेऊन दाराशी: शस्त्र ठेवा, घरी जा. अशा वेळी त्याने काय करायला हवं होतं, हे इथून सांगणं अवघड आहे. प्रशिक्षणाच्या त्रुटी शोधताना ही बाजू सुटू नये.

---

शिलेदार

हरकारा, तुमची दुरुस्ती मान्य. तो शब्द मी लोकांच्या तोंडचा म्हणून दिला होता, माझं मत तसं नाही.

---

उत्तरवाट

याच कामाचं दुसरं उदाहरण शेजारी आहे. भूतानमध्ये भारताचं लष्करी प्रशिक्षण पथक, 'इमट्रॅट', १९६२ च्या सुमारापासून 'हा' नावाच्या खोऱ्यात आहे. साठ वर्षं तेच ठिकाण, फौज लहान, तिथले अधिकारी आपल्या प्रबोधिनींमध्ये शिकून परत जातात. डिसेंबर २००३ मध्ये भूतानी सैन्याने दक्षिण भूतानातले उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या भारतातल्या बंडखोर संघटनांचे ३० तळ मोडले. चढाई त्यांची होती, भारतीय सैन्याने सीमा बंद ठेवली होती.

इथिओपियातली हरारची अकादमी आणि नायजेरियातली कडुनाची अकादमी (१९६४) याही भारतीय अधिकाऱ्यांनी उभ्या केल्या. कडुनाचे पहिले कमांडंट भारतीय ब्रिगेडियर होते, आणि काही वर्षांतच ते पद नायजेरियन अधिकाऱ्याकडे गेलं. संस्था आजही चालू आहे. मला फरक हा दिसतो की तिथे अधिकारी घडवणाऱ्यांनाच आधी घडवलं.

अफगाण कॅडेटही आपल्याकडे खडकवासला, डेहराडून आणि चेन्नईला होते. काबूल पडलं तेव्हा ते शिकतच होते. ज्या सैन्यात कमिशन मिळणार तेच राहिलं नाही, आणि पुढे त्यांच्यापैकी अनेकांना वर्षभराच्या इंग्रजीच्या कोर्सवर पाठवावं लागलं.

---

बखरकार

उत्तरवाट यांचा अधिकारी घडवण्याचा मुद्दा महाराष्ट्रालाही लागू पडतो. आपण स्वतः या अनुभवातून गेलो आहोत, शिकणाऱ्याच्या बाजूने.

१७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी बेन्वा द बॉइन याला नोकरीत घेतलं. आल्प्समधल्या सव्हॉयचा माणूस. त्याने दोन पलटणींपासून कंपू (अनेक पलटणींचे ब्रिगेड) उभे केले: कवायत, एकसारख्या बंदुका, पलटणीबरोबर चालणाऱ्या तोफा. आग्र्याला तोफा ओतायचा कारखाना सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाकडे. १७९० मध्ये राजस्थानातल्या पाटण आणि मेडत्याला या कंपूंनी राजपूत घोडदळ मोडलं. म्हणजे शिकवणी कच्ची नव्हती.

पण पलटणींच्या वरच्या जागांवर युरोपियनच राहिले. द बॉइन गेल्यावर फ्रेंच पेरों आला, तरी घडी तीच. १८०३ च्या युद्धाच्या तोंडावर इंग्रजांनी जाहीर केलं की शिंद्यांची नोकरी सोडून येणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना पेन्शन मिळेल. बरेच गेले. लुकान नावाचा असाच एक अधिकारी ४ सप्टेंबरला अलीगडच्या किल्ल्यात इंग्रजांना वाट दाखवत होता. २३ सप्टेंबरला असईला, आपल्या जालना जिल्ह्यात, कंपूंचा सेनापती पोलमन हा हनोव्हरचा जर्मन होता.

---

पाणवठा

म्हणजे अधिकारी गेल्यावर तीही फौज मोडलीच?

---

बखरकार

नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. १ नोव्हेंबर १८०३ ला अलवरजवळच्या लासवारीच्या लढाईत बहुतेक युरोपियन अधिकारी निघून गेलेले होते. तरीही पलटणी तोफांजवळून हलल्या नाहीत. फ्रेंच अधिकारी असते तर निकाल काय लागला असता कोण जाणे, असं खुद्द इंग्रज सेनापती जनरल लेकने लिहून ठेवलं आहे. सुभेदार-जमादारांपर्यंतची शिकवणी पक्की होती, त्यांच्या वर पलटणी हलवणारा कोणी तयार केलेला नव्हता.

---

कातळ

बखरकार, एकच विचारतो. या पलटणींचा पगार कोण देत होतं?

---

बखरकार

द बॉइनला त्यासाठी गंगा-यमुनेच्या दुआबातला मुलूख जायदाद म्हणून तोडून दिला होता. वसुली तोच करायचा, पगार तिथूनच आणि वेळेवर. त्या काळात हे फार दुर्मीळ होतं, आणि कंपूंत भरती व्हायला लोक उत्सुक असत त्याचं मोठं कारण हेच. नंतर तो मुलूख पेरोंकडे गेला. कारभार, मुख्य कोठार आणि दारूगोळा अलीगडला. किल्ला पडला तेव्हा लासवारीला अजून आठ आठवडे होते. तेवढे दिवस त्या पलटणी त्या आधाराशिवाय चालत होत्या.